पाचवीतली टीडी शाळेत द्यावी की दवाखान्यात?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की पालकांच्या ग्रुपवर हा प्रश्न येतोच. ‘शाळेतून टीडी लसीची चिठ्ठी आली आहे, सही करू का? की आपल्या डॉक्टरांकडेच टोचून घेऊ?’ मग खाली उत्तरांचा पाऊस. कुणाला शाळेतल्या स्वच्छतेची शंका, कुणाला सरकारी लसीची. आणि एक उत्तर हमखास असतं: ‘एवढ्या मोठ्या मुलांना कसली आली लस?’ मला खरी काळजी या उत्तराची वाटते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाची लस दवाखान्यात, उपकेंद्रात किंवा गावातल्या लसीकरण सत्रातच व्हायला हवी. पाच वर्षांपुढच्या मुलांची शाळेत व्हायला हवी. आणि शाळेतल्या दिवशी जे राहून गेले, त्यांच्यासाठी आठवड्याच्या आत उपकेंद्रात एक दिवस ठरलेला हवा. पहिल्या दोन गोष्टींवर फारसा वाद नाही. तिसरी मात्र कागदावर असते आणि प्रत्यक्षात गळते. मुलं निसटतात ती तिथे.

आधी मोठ्या मुलांच्या लसीबद्दल. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एमआर म्हणजे गोवर-रुबेला, आणि १६ ते २४ महिन्यांत एमआरचा दुसरा डोस व डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर. इथपर्यंत बहुतेक घरांना पाठ असतं. पण राष्ट्रीय वेळापत्रक इथे संपत नाही. ५ ते ६ वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर आहे, १० व्या वर्षी टीडी आणि १६ व्या वर्षी पुन्हा टीडी. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींची लस. पूर्वी टीटी मिळायची, ती फक्त धनुर्वाताची होती. तिच्या जागी टीडी आली, कारण लहानपणी घेतलेल्या डोसांची घटसर्पाविरुद्धची ताकद वयाबरोबर उतरत जाते. घटसर्प हा तान्ह्या बाळांचा आजार असं समजण्याचे दिवस गेले. आता त्याचे रुग्ण मोठ्या प्रमाणात पाच वर्षांवरच्या मुलांमध्ये दिसतात. २०१६ साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात घटसर्प पसरला, तेव्हा किशोरवयीन मुलं दगावली.

आता दवाखान्याची पद्धत बघा. आई बाळाला घेऊन येईल, या भरवशावर ती उभी आहे. पहिली दोन वर्षं ती येतेही. आशाताई दारात येऊन आठवण करते, अंगणवाडी सेविकेकडे यादी असते, बाळाचं वजन करायचंच असतं. मूल पहिलीत गेलं की हे सगळे धागे एकदम सुटतात. अंगणवाडीच्या यादीतून नाव कमी होतं, शाळेच्या पटावर चढतं, पण लसीची नोंद काही त्याच्याबरोबर जात नाही. दहाव्या वर्षी ते मूल आशाच्या वहीत कुठेच नसतं. त्यात लसीकरणाचा वार ठरलेला आणि वेळ दिवसाची. त्या वेळी मूल शाळेत आणि आईबाप कामावर. म्हणजे एका डोसासाठी मुलाची एक गैरहजेरी आणि घरातल्या एकाची दिवसाची मजुरी. आजारी नसलेल्या, धडधाकट मुलासाठी हा खर्च करायला कुणी उठत नाही, आणि त्यात पालकांचा दोष काढणं मला पटत नाही.

शाळेकडे दवाखान्यात नसलेली एक वस्तू आहे: हजेरीपट. आज कोण आलं हे दवाखान्याला कळतं, कोण आलं नाही हे कळत नाही. पाचवीच्या वर्गशिक्षिकेला मात्र ४१ नावांपैकी कोणती तीन गैरहजर आहेत आणि ती कोणत्या वस्तीवर राहतात, हे न बघता सांगता येतं. शाळेतल्या लसीकरणाचं सगळं बळ यात आहे. खोली, बाकं, पटांगण या नंतरच्या सोयी.

म्हणूनच शाळेत वय मोजत बसू नये, इयत्ता धरावी. दहा वर्षांचा डोस म्हणजे पाचवीचा अख्खा वर्ग. सोळाव्या वर्षाच्या डोसाचं तर महाराष्ट्रात जास्तच अवघड आहे, कारण १६ पूर्ण होईपर्यंत थांबलात तर मूल शाळेतच नसतं. दहावीचा निकाल लागतो आणि एकाच वर्गातली मुलं अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक, शेतीकाम अशी चहूकडे पांगतात. काही मुलींची लग्नं ठरतात. त्या वर्गाला पुन्हा एका जागी कुणीही गोळा करू शकत नाही. हा डोस दहावीच्या वर्गातच, आणि तोही पूर्वपरीक्षेची धांदल सुरू व्हायच्या आधी उरकला पाहिजे.

पहिलीसाठी वेगळी गोष्ट. डीपीटीचा दुसरा बूस्टर सात वर्षांच्या आत द्यायचा असतो. त्यानंतर डीपीटी देत नाहीत, टीडी देतात. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याबरोबर लसीकरण कार्डाची झेरॉक्स मागावी आणि ज्यांचा बूस्टर झालेला नाही त्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, एवढंच काम शाळेचं. कार्ड नाही म्हणून प्रवेश अडवायचा मात्र नाही. शिक्षण हा मुलाचा हक्क आहे, आणि ज्याचं कार्ड नाही त्याच मुलाला लसीची गरज जास्त असण्याची शक्यता आहे.

शाळेच्या मर्यादाही तितक्याच स्वच्छ आहेत. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी भागात गोवर पसरला. त्याचा तडाखा लहान मुलांना, त्यातही ज्यांचे डोस चुकले होते त्यांना बसला. यातली बहुतेक मुलं कुठल्याच शाळेच्या पटावर नव्हती. तिथे घरोघर सर्वेक्षण करावं लागलं, वस्तीत जादा सत्रं लावावी लागली, आणि उद्रेकाच्या भागात नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही सहा महिन्यांपासून जादा डोस द्यावा लागला. बाळांची लस शाळेवर सोपवता येत नाही, हे सांगायला यापेक्षा वेगळं उदाहरण नको. चुकलेले डोस मोजून पुढचं वेळापत्रक बसवणं, आकडी येणाऱ्या किंवा दीर्घ औषधोपचार चालू असलेल्या मुलाबद्दल निर्णय घेणं, आईच्या चार शंकांना बसून उत्तर देणं, ही कामंही दवाखान्याचीच. चाळीस मुलांच्या रांगेत ती होत नाहीत आणि करूही नयेत.

दोन्हीची सांगड कशी असते ते २०१८ मध्ये दिसलं. २७ नोव्हेंबरपासून महाराष्ट्रात एमआर मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. आधी शाळा घेतल्या, मग अंगणवाड्या आणि वस्त्या. एमआरची दहा डोसांची कुपी घ्या. पावडर द्रावणात मिसळली की ती चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. गावातल्या सत्रात दोनच बाळं आली तर आठ डोस वाया. नियम असा की एका बाळासाठीही कुपी फोडायची, पण वाया जाण्याच्या धास्तीने ‘पुढच्या वेळी या’ असं सांगितलं जातं आणि ती पुढची वेळ पुष्कळदा येतच नाही. शाळेत ४३ मुलं असतील तर पाच कुप्या लागतात आणि सातच डोस उरतात. टीडीचं गणित आणखी सोपं. तिला उघडी कुपी वापरण्याचा नियम लागू आहे. उरलेली कुपी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात परत गेली, तिच्यावर उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली असली, गोठली नसली आणि व्हीव्हीएम (कुपीवरची उष्णता दाखवणारी खूण) ठीक असला, तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते.

‘शाळेत दिलेली लस चांगली असते का’ या शंकेला ‘घाबरू नका’ असं उत्तर देऊन भागत नाही. लस कशी बिघडते ते पालकांना माहीत असावं.

लसीचा शत्रू ऊन आहे हे सगळ्यांना कळतं. टीडी आणि डीपीटीचा त्याहून मोठा शत्रू बर्फ आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक दगडासारखा कडक असतो. तो तसाच व्हॅक्सिन कॅरियरमध्ये घातला तर त्याला टेकलेली टीडीची कुपी गोठते. या लसीतला मूळ पदार्थ अॅल्युमिनियमच्या बारीक कणांना धरून असतो. गोठल्यावर ते कण एकमेकांना चिकटतात, पुन्हा नीट मिसळत नाहीत आणि लस निकामी होते. म्हणून आइसपॅक आधी टेबलावर मांडून ठेवायचे, याला ‘कंडिशन’ करणं म्हणतात. बाहेरून घाम फुटला पाहिजे आणि कानाशी धरून हलवला तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. मग पुसून चार पॅक चार बाजूंना लावायचे आणि मधे झिपच्या पिशवीत कुप्या. उन्हाळ्यात हे लवकर होतं, डिसेंबरच्या सकाळी बराच वेळ लागतो. आणि डिसेंबरच्या सकाळीच दूरच्या शाळेला जायची घाई असते. चूक होते ती इथे.

कुपीवर जो गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो, तो व्हीव्हीएम. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. दोन्ही सारखे दिसले किंवा चौकोन जास्त गडद झाला तर फेकायची. पण हा व्हीव्हीएम फक्त उष्णता सांगतो. कुपी गोठून पुन्हा वितळली तरी तो तसाच्या तसा, स्वच्छ दिसतो. त्यासाठी हलवून बघण्याची चाचणी आहे. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, शंका असलेल्या कुपीबरोबर हलवायची आणि शेजारी ठेवायची. दोन्हींचा गाळ सारख्याच वेगाने खाली बसला तर शंकेची कुपीही वाया गेलेली आहे. आपल्या शाळेत सिस्टर आल्या की ‘आइसपॅक नीट कंडिशन केले होते ना?’ एवढं आदराने विचारा. कुणाला राग येणार नाही. उलट या पालकांना माहिती आहे, हे चांगलंच वाटेल.

आता खोली. शाळेत गोंधळ होतो तो बहुतेक वेळा लसीमुळे होत नाही, मांडणीमुळे होतो. एकाच वर्गात टोचणं, एकाच दारातून आत-बाहेर, आणि व्हरांड्यातून रांगेतली मुलं डोकावतायत. पहिला मुलगा ओरडला की मागच्या दहा जणांचे तळवे ओले. एखादी मुलगी चक्कर येऊन पडते, तिला उचलून सगळ्यांसमोरून नेतात, आणि पाच मिनिटांत आणखी चौघी खाली बसतात. यातली भीती खरी असते, चक्करही खरी असते, त्या मुली नाटक करत नाहीत. पण कारण लसीच्या कुपीत नसतं. २०१४ मध्ये कोलंबियातल्या एल कार्मेन दे बोलिव्हार या गावात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीनंतर शेकडो शाळकरी मुलींना असाच त्रास झाला. तपासात लसीचा दोष सापडला नाही, तरी पुढच्या दोन वर्षांत त्या देशातलं एचपीव्ही लसीकरण कोसळलं. खोलीची मांडणी हा म्हणून क्षुल्लक विषय नाही.

तीन जागा हव्यात. एका वर्गात मुलं बसून वाट बघतील. दुसऱ्या खोलीत टोचायचं, एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर, म्हणजे येणाऱ्याला जाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तिसऱ्या खोलीत सतरंजी घालून अर्धा तास बसवायचं, तिथे एक शिक्षिका आणि पाण्याची सोय. टोचताना मूल बसलेलंच हवं, उभं नको. सगळ्यात घाबरट मुलाला पहिला नंबर देऊ नये, आणि शेवटीही ठेवू नये. मुलींसाठी पडदा हवा. त्या दिवशी सैल बाहीचा कपडा घालून यायला आदल्या दिवशी सांगावं. घट्ट बाहीच्या गणवेशात दंड उघडा करता येत नाही आणि मग भलत्याच जागी सुई जाते. रिकाम्या पोटी तर मुळीच नको. सकाळी चहा-बिस्किटावर आलेली मुलं असतात, त्यांना मधल्या सुट्टीतली खिचडी पोटात गेल्यावरच रांगेत उभं करावं. एका मुलामागे नोंद धरून दोन मिनिटं पकडली तरी साठ मुलांना दोन तास लागतात. दीडशे मुलं आणि एकच सिस्टर असा बेत आखला असेल तर घाई होणार, आणि घाईत पहिला बळी त्या अर्ध्या तासाच्या निरीक्षणाचा जातो.

हा अर्धा तास कशासाठी, तेही सांगते. भीतीने आलेली चक्कर सुई टोचताना किंवा लगेचच येते. मूल पांढरं पडतं, हात गार, नाडी मंद. आडवं करून पाय उंच केले की थोड्या वेळात सावरतं. खरी तीव्र अॅलर्जी फार विरळ, पण ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. अंगावर गांधी, खाज, ओठ-डोळे सुजणं, घरघर, नाडी जलद आणि क्षीण, आणि आडवं करूनही बरं वाटत नाही. तिथे स्नायूत अॅड्रेनॅलिन द्यायचं, लगेच, आणि रुग्णवाहिका बोलवायची. त्यासाठी अॅड्रेनॅलिनच्या अँप्यूल, एक मिलिच्या सिरिंज आणि वयानुसार डोसाचा तक्ता असलेला किट सिस्टरच्या बॅगेत असतो. मुदत संपलेला नाही ना, हे सत्र सुरू होण्याआधी बघायचं. प्रत्येक मुलाला नवी सिरिंज. ती एकदा वापरली की आपोआप लॉक होते, पुन्हा भरताच येत नाही. टोपण परत लावायचं नाही, तिथल्या तिथे हब कटरने कापायची. हे सगळं पालकांना उघड्या डोळ्यांनी बघता येतं, आणि बघायला बोलवावंच. शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक त्या दिवशी हजर असले तर अर्ध्या अफवा जन्मालाच येत नाहीत.

संमतीच्या बाबतीत मी कडक आहे. दवाखान्यात आई स्वतः मुलाला घेऊन येते, तिची संमती त्यातच आली. शाळेत ती समोर नसते. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात एचपीव्ही लसीचा प्रकल्प राबवला गेला. खम्मममध्ये अनेक संमतीपत्रांवर आईवडिलांच्या जागी मुख्याध्यापकांच्या, वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. तिथे झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण प्रकल्प थांबला तो थांबलाच आणि या लसीबद्दलचा संशय देशात वर्षानुवर्षं राहिला. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही पालकांच्या संमतीच्याच मुद्द्यावर तिथल्या शाळांमधली एमआर मोहीम थांबवली. आपल्याकडच्या आश्रमशाळांना हे नीट लागू होतं. मूल वसतिगृहात आहे म्हणून अधीक्षकांची सही पालकांच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. फॉर्म पालकांना समजेल अशा भाषेत, सुट्टीत घरी जाताना मुलाच्या हातात द्यायला हवा. वाचता येत नसेल तर पालकसभेत वाचून दाखवायचा.

चिठ्ठी दप्तरात जाते आणि दप्तरातच राहते, हा दुसरा भाग. आदल्या दिवशी दिलेली चिठ्ठी निम्म्या घरांत पोचत नाही, मग ‘सही नाही’ हाच नकार धरला जातो. खरा नकार आणि न पोचलेली चिठ्ठी यांत फरक करायचा तर आठ-दहा दिवस आधी द्यावी, तिच्यावर ‘होकार’ आणि ‘नकार’ असे दोन्ही चौकोन असावेत, आणि जी परत आली नाही त्या घरी वर्गशिक्षकांनी एक फोन करावा. चिठ्ठीत तीन प्रश्न पुरेत: पूर्वी एखाद्या लसीनंतर मोठा त्रास झाला होता का, सध्या ताप आहे का, कोणतं औषध चालू आहे का. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलायची गरज नसते.

तारीख कोणती धरायची, यावरच महाराष्ट्रात पुष्कळ अवलंबून आहे. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात, आणि मुलं बरोबर जातात. डिसेंबरमध्ये त्या गावच्या शाळेत केलेलं सत्र ‘उपस्थितांपैकी १०० टक्के’ दाखवेल आणि लसीची सर्वांत जास्त गरज असलेली मुलं तेव्हा कारखान्याच्या फडावर असतील. या भागात जुलै-ऑगस्ट, गणपतीच्या आधी, हाच योग्य काळ. आणि टक्केवारी पटावरच्या संख्येवर काढावी, त्या दिवशीच्या हजेरीवर नाही.

जिथे पट धरून काम झालं तिथे आकडेही तसे आले. सिक्कीमने २०१८ मध्ये एचपीव्हीची लस मुख्यतः शाळांमधून दिली आणि ९५ टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत पोचली. रवांडाने २०११ मध्ये प्राथमिक सहावीचा वर्ग धरला, शाळेबाहेरच्या मुलींना गावातल्या आरोग्य सेविकांनी शोधून आणलं, आणि ९० टक्क्यांच्या वर गेले. दोन्हीकडे शाळेच्या दिवसानंतरची शोधाशोध आराखड्यातच होती.

खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांबद्दलही बोललं पाहिजे. मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तोच आपल्या पालघरमधून, ६ फेब्रुवारी २०१३ ला. त्याची पथकं सरकारी आणि अनुदानित शाळांत जातात. विनाअनुदानित शाळा त्यांच्या यादीत नाहीत. तिथले पालक ‘आमचे डॉक्टर आहेत’ म्हणतात, आणि ते खरंही असतं, पण दहा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांकडे नेतात ते तापासाठी. फाइल शेवटची कधी उघडली ते एकदा घरी बघा.

राहिली नोंद. शाळेत टोचलं आणि कार्ड घरी राहिलं, तर तो डोस कुठेच लिहिला जात नाही. मग पडल्यावर, खरचटल्यावर मुलाला पुन्हा धनुर्वाताचं इंजेक्शन, कारण कुणालाच आठवत नाही. सत्राच्या दिवशी कार्ड दप्तरात पाठवा. हरवलं असेल तर सिस्टरकडून तारखेची चिठ्ठी मागून घ्या. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर १६ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद होते, तिथे डोस चढला का ते मोबाइलवर बघता येतं. आणि शिक्षकांना एक विनंती: सत्र संपल्यावर गैरहजर आणि चिठ्ठी न आलेल्या मुलांची नावं वेगळ्या कागदावर लिहा, वस्तीचं नाव आणि पालकांचा फोन त्यापुढे. त्याच्या दोन प्रती करा. एक सिस्टरच्या हातात त्याच दिवशी, एक आशाताईकडे. पुढच्या लसीकरणाच्या वारी ती मुलं उपकेंद्रात आली का, हे चौथ्या-पाचव्या दिवशी त्या कागदावर खूण करून बघा. ज्या नावापुढे खूण नाही, त्या घरी फोन करा.